ताळा

डंडीत मार्चचा शेवटचा रविवार.
घड्याळं रात्रीच एक तास पुढे सरकली,
मी झोपेत होतो,
माझी हरकत कुणी नोंदवून घेतली नाही.

खिशातलं यंत्र स्टँडवर ठेवतो.
याला पाळणा म्हणतात, असं दुकानातली मॉर्व्हेन म्हणाली होती,
तेव्हापासून ठेवताना हात आपोआप हलका होतो.
हिरवा दिवा. वायरीतून कुजबुज.
याला जे ठाऊक ते त्याला सांगणं चाललंय,
कुंपणावरून बोलणाऱ्या शेजारणींसारखं.

बाहेर टे नदीवरून धुकं चढलंय,
पुलाचे निम्मे खांब गायब.

मग पडद्यावर चौकट :
'अण्णा, वाढदिवस. दोन नोंदी जुळत नाहीत.'

कॉम्प्युटरवर एक जून.
मास्तरांनी दाखल्यावर लिहिलेला.
त्या वर्षी शाळेत घातलेली एकोणीस पोरं
एकाच दिवशी जन्मली.
हातातल्यावर सतरा एप्रिल,
आत्यानं बोटांवर मोजून काढलेला :
जत्रा उठली त्याचा तिसरा दिवस,
कपिला व्याली त्याच्या आदली रात्र.

आणि एक जून तरी कुठे धड राहिलाय?
तासाच्या ढकलाढकलीत तो आता
एकतीस मेच्या रात्री अकराला सुरू होतो
आणि दुसऱ्या रात्री अकराला मिटतो.

कोणती ठेवू? यंत्र विचारतं.
हातातली, टेबलावरची, की दोन्ही?

पेन्शनच्या कागदाला एक जूनच लागतो.
आत्या आता फोनवर आवाज ओळखत नाही,
फेरमोजणी होणार नाही.
खुद्द अण्णांना मी एकदा विचारलं होतं.
'तुला फोन परवडेल तो दिवस धर', म्हणाले.

प्लास्टिकची काडी काढतो,
'दोन्ही'वर टेकवतो.
यंत्र शब्दशः घेतं :
सासरेबुवा दोनदा, प्लंबर दोनदा,
दाताच्या डॉक्टरची तर चार वेळा अपॉइंटमेंट.
निस्तरू संध्याकाळी.

इथे नऊ वाजलेत, म्हणजे तिकडे अडीच.
नाही, दीड.
कालपर्यंत साडेपाच तास होते मध्ये,
आजपासून साडेचार.
जागचं न हलता
तासभर जवळ आलो.

कार्डावरचा लांबलचक आकडा दाबतो, मग घरचा.
अण्णा जेवणावरून उठून आलेत, ऐकू येतंय,
तोंडात अजून घास आहे.
'आज काय विशेष?'

काही नाही, म्हणतो,
घड्याळं बदलली.