स्टुलाची जागा

पहिल्याच दिवशी कात्नेश्वरकर मॅडमनी
निळ्या दोरीचं ओळखपत्र गळ्यात घातलं
आणि म्हणाल्या, उत्तर सांगायचं नाही.
सहा आठवडे. काही झालं तरी.
लेकरानं विचारलं, तर उलट विचारायचं: तुला काय वाटतं?

मी जिंतूरची. बीएस्सी दुसरं वर्ष, फिजिक्स.
उत्तरं पाठ करत करत इथवर आलेली,
पाच मार्कांची, दोन मार्कांची, एका वाक्यातली.
उत्तर गिळायचं म्हणजे
उचकी दाबून धरल्यागत व्हायचं.

परभणीचं हे विज्ञान केंद्र म्हणजे बियाण्याचं जुनं गोदाम.
वर पत्रा, आणि लोलकाच्या खोलीत
अजून सरकीचा वास.
अंतर्गोल आरशाला कुणी बाई टिकली चिकटवून गेलीय,
कपाळाच्या उंचीवर.
समोर उभं राहिलं की माणूस उलटा दिसतो
आणि टिकली लागते त्याच्या पायाला.
आम्ही ती काढली नाही.
वीज गेली की तबरेज, माझा जोडीदार,
ठिणग्यांचं यंत्र झाकून
कंगवा नि कागदाचे कपटे घेऊन बसतो.
खरी गर्दी तेव्हाच होते.

मग सतरा मे. त्रेचाळीस अंश.
फळ्यावर मी लिहिलं:
शून्य सावली, बारा वाजून एकोणीस मिनिटं.
सुट्टीच्या शिबिरातली अकरा लेकरं,
आवारात पालथे घातलेले स्टीलचे पेले,
चटके बसतात म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर
नाचणारं सगळं विज्ञान.
सावल्या आखडत आल्या,
भाकरीएवढ्या, बिब्ब्याएवढ्या,
"गेली!" कुणीतरी ओरडलं.
पाचवीतली श्रावस्ती वाकून पेल्याकडं बघत राहिली.
"गेली नाही," म्हणाली. "खाली बसलीय."
मी तोंड उघडलं.
मिटलं.

तक्त्यावर गेल्या वर्षीच्या कुणा इंटर्नचं सुबक अक्षर:
असे वर्षातून दोनदा घडते. दुसऱ्यांदा जुलैअखेर,
परंतु आकाश ढगाळ असल्याने दिसत नाही.
मी ते मोठ्यानं वाचलं.

"दिसती की," गेटाकडून आवाज आला.
खाजामामू, वॉचमन.
तेवीस वर्षं गेटाच्या दगडी खांबापाशी त्यांचं स्टूल,
सावली सरकली की स्टूल सरकतं.
"दुपारची सावली आधी आतल्या अंगाला असती.
मग एक दिवस कुठंच नसती. मग रस्त्याच्या अंगाला जाती.
पावसाळ्यात ती कधी माघारी येती, कळत नाही.
एका साली कळलं.
आखाड चालू, आन् आभाळ निस्तं निळं.
स्टूल सरकवाया उठलो, तर सावलीच नाही.
मला वाटलं, डोळे गेले."

"मग?" श्रावस्तीनं विचारलं.
"मग काय. टँकर आला, गेट उघडाया गेलो."

तारीख?
तारीख आठवत नव्हती.
पगाराला पाच-सहा रोज होते, एवढं नक्की.
तबरेजनं मोबाइलवर हिशेब मांडला,
मग मोबाइल खिशात ठेवला आणि काही बोलला नाही.

संध्याकाळी मी तक्त्यावरचं "दिसत नाही" खोडलं,
शिसपेन्सिलीनं वर लिहिलं: "बहुधा दिसत नाही."
मॅडमनी पाहिलं, चष्मा पुसला,
रजिस्टर पुढं सरकवलं.
निरीक्षकाचं नाव, या रकान्यात
मामूंनी सही केली, उर्दूत, सावकाश.

जूनअखेर प्रमाणपत्र मिळेल.
"आपण काय शिकलात", याला फॉर्मवर तीन ओळी आहेत.
त्या अजून कोऱ्याच.

जुलैच्या शेवटी मी जिंतूरला असेन,
गच्चीवर पेला पालथा घालीन, बाराच्या पुढं,
आणि वर बघत बसेन.
उत्तर मिळू नये, असं मला
आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय.
चांगलं काळंभोर आभाळ असावं.
पेला भिजावा.

पेला मात्र ठेवीन.