पावती नाही

ऑडिटरनं लाल पेन्सिलीनं एकाच ओळीला गोल केलाय:
कबाझा, म्हणजे सायकलवरची सवारी,
जाऊन-येऊन, तीन हजार क्वाचा. पावती नाही.

झोम्बातल्या या खोलीत पंखा नाही, पण शिस्त आहे.
मी वायसन, अकरा संस्थांच्या युतीचा खजिनदार,
पाण्याच्या बाटलीचीसुद्धा पावती मागणारा.
फलकाचं कापड: आहे.
शिक्षणखात्याच्या अंदाजपत्रकाच्या झेरॉक्स,
चारशे बारा पानं: आहे.
रेडिओवरची वीस मिनिटं: आहे, शिक्क्यासकट.

आमच्या पैशातून एकही वीट येत नाही.
विटेचं खातं वेगळं, तिचे दाते वेगळे,
तिची कोनशिलाही वेगळी.
आमच्या खात्याचं नाव पाठपुरावा.
गावात हे सांगताना जीभ जड होते.
चिल्वा सरोवराकाठी जाळं विणता विणता
एकानं मान वर न करताच विचारलं होतं,
"म्हणजे तुम्हाला बोलायचे पैसे मिळतात?"
हो म्हणालो.
"आणि आमचं ऐकायचे कुणाला मिळतात?"
त्याचा रकाना फॉर्मात नव्हता.

सायकलवर मागे बसली होती एनेलेसी.
सुकी मासळी विकते. शाळा दुसरीपर्यंत.
आठवडाभर ती शाळेच्या आवारात बसून होती,
दर मुलामागे मक्याचा एक दाणा,
दर मुलीमागे घेवड्याचा,
इयत्तेगणिक एक, अशा आठ पुरचुंड्या
एकाच चितेंजेच्या पदराला गाठून.

जिल्हा परिषदेत पोचली तेव्हा
सभा "आयत्या वेळचे विषय" वर आली होती.
टेबलावर तिनं पहिली गाठ सोडली:
दाणेच दाणे, मका घेवडा सारखाच.
चौथी सोडली. सहावी सोडली.
कुणी घड्याळ बघितलं, कुणी खिडकी.
आठवीत मक्याचे बावीस दाणे
आणि घेवड्याचे तीन.

अध्यक्ष म्हणाले, बाईंनी हे लेखी द्यावं.
ती म्हणाली, हे लेखीच आहे.

मग कुणीतरी आमचं पान तीनशे सात उघडलं.
मुलींच्या संडासांची मंजूर रक्कम,
दोन वर्षांपूर्वीची, न वापरता परत गेलेली.
तेच पान आम्ही सहा महिने
दारोदार नाचवत होतो,
तेव्हा ते नुसता कागद होतं.

इतिवृत्तात आलं: "चर्चा झाली."
जूनमध्ये एक ट्रक वाळू टाकून गेला.
आता दोन खड्डे आहेत, छप्पर अजून नाही,
शेळ्या आत पडू नयेत म्हणून
मुली आळीपाळीनं राखण करतात.
अहवालात ही प्रगती म्हणून लिहू का,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
दात्यांचं पत्र आलंय:
मार्चनंतर आपण स्वतःच्या पायांवर उभं राहावं.

काल मी त्या सायकलवाल्याला शोधून काढलं.
लेमेक. साखळी बसवत होता.
अंगठा द्यायला तयार झाला,
शाई नको म्हणाला, वंगण आहेच.
मग थांबला. "पण साहेब, मी तिला फक्त नेलं.
परत येताना ती चालत आली.
चौदा किलोमीटर, रात्रीची."

एनेलेसीला विचारलं, मग उरलेले दीड हजार?
ती जराही खाली बघेना.
घेवडा परिषदेनं ठेवून घेतला, म्हणाली,
पुरावा म्हणून.
तो माझा बियाण्याचा होता.

आता समोर कागद आहे.
वर काळा, तेलकट अंगठा: दीड हजार, मंजूर होईल.
खाली दुसरी ओळ.
प्रवास, छपाई, चहापान, संकीर्ण,
सगळी खाती दोनदा वाचून झाली.
बियाणं कशात घालू?
मी पेन उघडं ठेवून बसलोय,
टोकाशी शाई वाळतेय.