गट नंबर दोनशे चौदा

फोन बहुतेक जेवताना येतो.
पत्ता सांगणारा पलंगावर उभा आहे,
हे आवाजावरूनच कळतं.
"कदली पार्क, फेज दोन, वॉशिंग मशीनच्या मागे,
लवकर या हो तडवीभाऊ, बायको माहेरी निघालीय."

मला फेज कळत नाही.
मी विचारतो, चुडामण फालकांची बाग ना?
पलीकडे शांतता. मग,
"इथं विहीर होती म्हणतात."
हां. तीच. बुजवलेली.

चिमटा, पोतं, मोटरसायकल.
फैजपूर रोडला आता दोन्ही अंगांना कमानी,
कमानीवर सिमेंटचे घड, पिवळ्या ऑइलपेंटचे.
आत केळीचा एक खांब नाही.
मे महिन्यात या बागेत शिरलं की
पाठीवर ओलं फडकं टाकल्यासारखं व्हायचं.
आता रात्री दहाला भिंतीला हात लावा,
तवा.

धामण असते. बहुधा धामणच.
सहा फूट, मशीनच्या नळीखाली वेटोळं घालून,
कारण त्या घरात ओल तेवढीच.
लोक मोबाईल उंच धरून विचारतात, विषारी आहे का?
नाही म्हटलं तर कोणाला पटत नाही.
एकदा एका घरात इच्छाबाई नावाची म्हातारी
काठी टेकत जवळ आली, वाकून बघत म्हणाली,
"हिले मी वळखते. मोटच्या थारोळ्यात र्‍हायची."
सुनेनं तिला आत नेलं.

वहीत मी लिहितो तारीख, जात, लांबी,
आणि कुठं सापडली.
त्या रकान्यात नगर, पार्क, विहार लिहीत नाही.
गट नंबर लिहितो. २१४. १८७.
धोंड्या नाल्याचा काठ, जिथं आता नाला पाइपात आहे.
वनखात्याचे साहेब चिडतात,
हा पत्ता नकाशात नाही.
धामणीच्या नकाशात आहे, मी म्हणतो,
आणि सही करतो.

सोडायला आधी नाल्यापलीकडे जायचो,
मग पाटापर्यंत,
आता पालच्या रस्त्यानं डोंगर चढतो.
पेट्रोलचे पैसे कोणी देत नाही, चहा देतात.
मागच्या चैत्रात एक जागा हेरली होती,
पळस, दगडांची कपार, खाली ओहोळ,
पाणी नसलं तरी वाळू उकरली की गार.
एकोणीस सोडले तिथं.

काल गेलो तर
चुन्याच्या रेघा. पळसाच्या बुंध्याला
लाल रंगात आकडा.
पोत्यात वळवळ.
मी एक रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली,
पोत्याचं तोंड काही सोडवेना.

खिशात फोन वाजत होता.