लिहून देणार, लिहून घेणार

कागदात आम्ही दोन पक्ष आहोत.
लिहून देणार: जुनी मिशन सोसायटी,
तर्फे हयात असलेले एकमेव विश्वस्त
शांतवन यहोशवा मकासरे,
वय एक्याऐंशी, धंदा निवृत्त कंपोझिटर, राहणार माझगाव.
लिहून घेणार: मंडळीचा नवा ट्रस्ट,
तर्फे अध्यक्ष
शांतवन यहोशवा मकासरे,
वय, धंदा, पत्ता वरीलप्रमाणे.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला पोरगा म्हणतो,
आजोबा, स्वतःचं देऊळ स्वतःलाच देताय?
हो बाबा, म्हणतात काका.
बत्तीस वर्षं लागली.

मी खजिनदार. साक्षीदार क्रमांक दोन.
पिशवीत मालमत्ता पत्रक, धर्मादाय आयुक्तांचा आदेश,
आणि बर्फाच्या थर्मासात काकांचं इन्सुलिन.

डावा अंगठा मशीनवर ठेवा.
ठेवला. मशीन नाही म्हणालं.
पुसून ठेवा. नाही.
चाळीस वर्षं शिशाचे खिळे उचलून
बोटं गुळगुळीत झालेली,
दुसऱ्यांची अक्षरं जुळवता जुळवता
स्वतःच्या रेघा गेल्या.
पोरानं खणातून खोबरेल काढलं, चोळलं.
पाचव्या खेपेला हिरवा दिवा.
मग तोच अंगठा, घेणाऱ्याच्या बाजूनं.
तिथे पहिल्या झटक्यात उमटला.

परिशिष्ट अ.
दगडी इमारत एक. घंटा एक, तडा गेलेली. बाक बावीस.
हार्मोनियम मी लिहिलं होतं, वकिलांनी खोडलं,
ती जंगम, तिचा कागद वेगळा.
चतुःसीमा: पूर्वेस महापालिकेचा रस्ता,
दक्षिणेस गुलशन मंझिल,
पश्चिमेस टायरचं गोदाम, उत्तरेस नाला.
वरची सीमा लिहायची पद्धत नाही.
पण मागच्या महिन्यात दोन बिल्डर आले होते,
ते फक्त वरच बघत होते.
आभाळाचं क्षेत्रफळ त्यांच्याकडे तयार होतं, चौरस मीटरमध्ये.

विहीर कुठेच नाही.
मलेरियाच्या नोटिशीनंतर बुजवली,
तिच्यावर आता चपलांचा स्टँड.
माझ्या आईचा बाप्तिस्मा त्या पाण्यातला.
घालायची का, काका?
नको, म्हणाले. दिसत नाही ते कोणी मागत नाही.

बाजारमूल्य एकोणीस कोटी आणि पुढे बरेच आकडे.
मोबदला: निरंक.

पॅनकार्डाच्या अर्जात ट्रस्टलाही जन्मतारीख विचारतात.
पायाच्या दगडावर अठराशे अठ्ठ्याण्णव आहे.
आम्ही लिहिली गेल्या वर्षीची नऊ जून.
बँकेतली बाई म्हणाली, वर्षाचेसुद्धा नाही तुम्ही,
ओळखीचं कोणी घेऊन या.

संध्याकाळी परत आलो. काकांनी कुलूप उघडलं,
तीच किल्ली, तिला तोच सुतळीचा तुकडा.
मला आत जाऊ दिलं,
स्वतः पायरीवर थांबले, दार ओढून घेतलं
आणि ठोठावलं.

मी आतून विचारलं, कोण?

बराच वेळ काही बोलले नाहीत.
गोदामात कोणीतरी रिमवर हातोडा मारत होतं.
मग कागदांची सळसळ,
आणि, थांब गं,
चष्मा सापडू दे, वाचून सांगतो.