मंगळवारची मोजणी

फाटकाची कडी हातमोजा काढल्याशिवाय निघत नाही,
हे हेडलीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
आणि हेही, की हाका मारायच्या नाहीत, हात लावायचा नाही.
आपण मालक नाही इथे.
नुसते बघणारे.

केंटमधल्या या ओकच्या रानात अकरा गाई सोडल्यात.
गोठा नाही, दावं नाही, गुराखी नाही.
गळ्यातली डबी आकाशाशी बोलते
आणि माझ्या फोनवर ठिपके उमटवते.
पण ठिपका लंगडत नाही.
ठिपक्याच्या डोळ्यांना चिपडं येत नाहीत.
म्हणून मंगळवारी मी, गुरुवारी हेडली,
रविवारी पोस्टातली ती अबोल म्युरिएल.

चिखलातले खूर ताजे. शेण घट्ट, बरं आहे.
बर्चच्या सालीला पाठ घासल्याचे तांबडे केस.
सात तळ्याशी. दोन वाळक्या नेच्यांत
पोटापर्यंत बुडालेल्या.
एक वाटेतच, लांब शिंगांत आयव्हीची वेल अडकवून,
जणू कुणाच्या लग्नाला निघालीय.
दहा.

एकतीस वर्षं मी रात्रपाळीची नर्स होते.
चोवीस खाटा, एक टॉर्च.
पहाटे तीनला प्रत्येक खाटेशी थांबायचं,
पांघरूण हलतंय का बघायचं.
कधी कधी हलायचं नाही.

अकरावी हॉलीच्या जाळीमागे आडवी.
मान लांब टाकलेली, पाय ताठ.
मी हाक मारली नाही.
हातमोजा अजून हातातच होता, घालायचा राहिलेला.
एक रॉबिन येऊन तिच्या बरगड्यांवर बसला,
चिमुकला, लालबुंद छातीचा,
आणि बसल्या जागी
वर गेला.
खाली आला.
वर गेला.

मग तिने कान झटकला, पाय पोटाशी घेतले,
आधी मागचा भाग उचलला, मग पुढचा,
खुर्चीतून उठताना माझी नणंद उठते तशी,
शिव्या गिळत,
आणि माझ्याकडे न बघता चालू लागली.

सगळ्या रानावर गोठलेलं दंव,
तिच्या आकाराएवढी जागा मात्र हिरवी.
गुडघा कुरकुरला, तरी वाकले,
उघडा तळवा तिथे टेकला.
ऊब होती. बराच वेळ होती.

वहीत हेडलीच्या तिरक्या अक्षराखाली लिहिलं:
अकरा. सगळ्या ठीक.
फाटकाच्या कडीला तेल हवं.
तळव्याचं लिहिलं नाही.
गाईला थोडाच लावला होता हात.