तीन सेकंद दाबून धरा

दुसरी शिफ्ट सुटते साडेअकराला.
कंपनीची बस गरवारे पॉइंटवरून वळते,
पाथर्डी फाट्याला मी एकटाच उतरतो.
जेवण झाकलेलं. घर झोपलेलं.
टीव्हीचा आवाज दोनवर ठेवून
मी भाच्याचा जुना कन्सोल लावतो.
त्याची डावी काठी आपोआप उत्तरेकडे सरकते,
त्यामुळे माझा योद्धा उभ्याउभ्या
देवाला निघाल्यासारखा चालू लागतो.

आधी चार कंपन्यांची बोधचिन्हं.
वगळता येत नाहीत.
मग अपडेट. एकोणीस टक्क्यांवर
मी वरणभात संपवतो, त्रेसष्टवर ताट घासतो.
मग अक्षरं, मोहरीएवढी.
ज्यानं ती ठरवली त्याचा टीव्ही भिंतीएवढा असणार
आणि वय सव्वीस.
चष्मा लावून, पडद्यापाशी उकिडवा बसून मी वाचतो :
‘पुढे जाण्यासाठी पुढे जा.’

सेव्ह करायचं तर देवळापर्यंत जावं लागतं.
देवळाआधी पूल. पुलावर राक्षस.
राक्षसाआधी म्हातारा सरदार
सव्वादोन मिनिटं मरतो.
पहिल्यांदा माझा गळा दाटला होता.
तेराव्यांदा मी म्हणालो, आटपा हो.
सोळाव्यांदा राक्षस पावभर उरला होता
आणि सिडकोपासून फाट्यापर्यंतची वीज गेली.

बावीस वर्षं अंबडला फिक्स्चर काढतोय.
आमच्यात एक म्हण आहे, म्हण कसली, शिवीच :
ड्रॉइंग काढणाऱ्याच्या हातात एकदा पाना द्या.
बोल्ट दिसतोय, पाना फिरायला जागा नाही
अशा कागदावर मी लाल पेनानं लिहितो,
‘स्वतः लावून बघितलंत का?’
हेच लिहायला या खेळात
कुठे समास सोडलाय का, शोधत होतो.

आणि ही पानं.
एका काढ्याला चाळीस पानं लागतात,
आणि प्रत्येक पान तोडायला
बटण तीन सेकंद दाबून धरा.
एक वर्तुळ भरत जातं, दुधावर साय धरावी तसं.
का? पान पळून जाणार आहे?

नाशिकची थंडी, अंगठा बधिर,
आणि सतराव्या पानाला
मला प्रेस नंबर सातवरच्या गांगुर्डेबाई आठवल्या.

ते फिक्स्चर माझं.
दोन बटणं, दोन हात, म्हणजे बोटं प्रेसखाली जात नाहीत.
ते बरोबरच आहे, आजही तसंच काढेन.
पण तीन सेकंद?
अर्ध्यात भागलं असतं.
ऑडिट तोंडावर होतं
आणि कागदावर ‘तीन’ भारदस्त दिसत होतं.
शिफ्टला आठशे नग.
लाइटबिलाच्या पाठीवर मी गुणाकार केला.
चाळीस मिनिटं. रोज. सहा वर्षं.
आणि बाईंपुढे भरताना बघायला वर्तुळसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणालो, बाई, जरा मला बसू द्या.
बाराव्या नगाला मी पत्रे मोजत होतो.
तिसाव्याला मान अवघडली.
पन्नासाला उठलो.
विचारलं, तुम्ही काय करता हो इतका वेळ?
‘पाढे म्हणते,’ बाई म्हणाल्या.
‘मुलीबरोबर पैज आहे. एकोणतीसचा झाला.
तीसचा काय, सोपाच. आता एकतीसचा धरलाय.’

बदलाचा अर्ज भरला. सात सह्या लागतात.
चौथ्या रकान्यात तारीख चुकली
तर वरचं सगळं कोरं होतं, पुन्हा पहिल्यापासून.
तो अर्ज कुणी काढला, विचारू नका.
सध्या तिसरी सही अडकलीय,
साहेब पुण्याला आहेत.

रात्री बसतो.
सरदार मरतो, मी चहा ठेवतो.
मग झुडपापाशी वाकून बटण दाबून धरतो :
एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी.
पान तुटतं.
पुढचं सोळोत्तरशेपासून.