शेपट्या मोजताना

मला पगार मिळतो तो शेपट्या मोजण्याचा.
ट्रॉम्बेला, टेकडीच्या पोटाशी, पडदे लावलेल्या खोलीत
पेशी काचपट्टीवर बसवायची, तिचं सगळं सोलून काढायचं,
उरल्या धाग्याला विजेची ओढ लावायची.
धागा धड असेल तर नुसता गोल, हिरवा चंद्र.
तुटला असेल तर तुकडे ओघळत लांबतात:
धूमकेतू.
एका पट्टीवर पन्नास. दुपारपर्यंत डोळे चुरचुरतात.

मेबल मॅडम म्हणतात, प्रत्येक किरणाची चावायची तऱ्हा निराळी.
उन्हातला जांभळ्यापलीकडचा किरण खोल जात नाही,
शेजारच्या दोन अक्षरांची गाठ मारून ठेवतो,
तिथे धाग्याला कुबड येतं.
पेशी कुबडाच्या अलीकडे कापते, पलीकडे कापते,
तीसेक अक्षरं सरळ फेकून देते
आणि समोरच्या धाग्यात बघून पुन्हा लिहून काढते.
समोरचा शाबूत असतो, म्हणून जमतं.

गॅमा आरपार. इथे एक खोक, लांब तिथे दुसरी,
कधीतरी दोन्ही धागे एकदम.
अल्फा कागदालाही अडतो,
पण श्वासातून आत गेला, की तीळभर जागेत असा चुरा करतो
की कुठलं टोक कुणाचं, हे पेशीलाही उमगत नाही.

शून्य मिनिटं: शेपटी लांबलचक.
पंधरा मिनिटं: अर्धी.
दोन तास: जवळजवळ चंद्र.
अल्फाच्या पट्टीवर मात्र दोन तासांनीही शेपटी.
मी परत मोजते. तेवढीच.

बाबा माझगावच्या गोदीत वेल्डर होते.
जोडण्याच्या उजेडानंच त्यांचे हात भाजत,
मनगटापासून कोपरापर्यंत पापुद्रे निघत.
काही रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी,
आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची, दिवा मालवायची.
तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक,
त्या झोपलेल्या हातांत दुसरी पाळी सुरू आहे,
ना भोंगा, ना हजेरी.

आता ते परळला जातात. घशासाठी. तेहतीस बैठका.
तोंडावर जाळीचा मुखवटा, तो टेबलाला खिळवतात.
बोलता येत नाही, म्हणून माझ्या जुन्या जर्नलच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितात:
*शनिवार-रविवार सुट्टी का? मशीन थकतं?*
मी सांगते, मधला वेळ तुमच्यासाठी आहे, बाबा.
धडक्या पेशी तेवढ्यात डागडुजी उरकतात,
गाठीला ती तितकी नीट येत नाही.
त्या फरकावर सगळा हिशेब.

ते बराच वेळ पेन्सिल धरून बसतात.
*आमच्या जोडांचेही गॅमाचे फोटो काढायचे.
रात्री. सगळ्यांना लांब उभं करून.
फट दिसली की जोड खरवडायचा, पुन्हा भरायचा.*
मग खाली, बारीक अक्षरात:
*बोट सुटायची घाई असेल तेव्हा?*

तेव्हा, मी म्हणते, पेशीही तेच करते.
नक्कल शोधत बसत नाही,
हाती लागतील ती दोन टोकं धरते, जोडून टाकते.
दोन-चार अक्षरं गळतात. कधी भलतंच टोक जोडलं जातं.
त्याचं पुढे काय होतं, ते मी सांगत नाही.
ते लिहितात: *बोट बुडाली नाही ना?*
आणि पेज पुढे ओढतात. आज अर्धी वाटी गेली.

शून्य मात्रेच्या पट्टीवर माझंच रक्त असतं.
ज्याला कुठलाच किरण दाखवलेला नाही, ते.
काल त्यातही तीन धूमकेतू निघाले.
मॅडमना हाक मारली, म्हटलं, काहीतरी चुकलंय माझं.
त्यांनी भिंगाला डोळा लावला, चष्मा कपाळावर तसाच.
"चुकलं नाही गं," म्हणाल्या,
"श्वास घेतेस ना."

वहीत तीन लिहिले.